चिखलातली जंगलवाट, जड ॲडव्हेंचर बाईक आणि मित्रांचा गट : काय काय सांभाळायचं?

रानवाट

नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा गट आहे. दोन हिमालयन 450, एक एक्सपल्स 200 4व्ही आणि एक बीएमडब्ल्यू आर 1250 जीएस. डांबर, खडी, कोरड्या मातीचे रस्ते भरपूर झाले. आता पाऊस पडून गेल्यावरची एक जंगलवाट करायची आहे. दुचाकींना परवानगी असलेलीच वाट आहे, तेवढी खात्री केली आहे. लाकूड वाहणाऱ्या ट्रॅक्टरांमुळे तिच्यात खोल चाकोऱ्या पडल्यात, मध्ये दोन ओढे लागतात आणि शेवटी झाडांच्या मुळांनी भरलेला चढ आहे.

जीएसवाल्या मित्राचं म्हणणं, गाडीत ताकद आहे, निघेल. एक्सपल्सवाली मैत्रीण म्हणते, ताकद राहू दे, 249 किलोची गाडी चिखलात आडवी झाली तर उचलायची कुणी? मला दोघांचंही पटतंय आणि म्हणूनच विचारतोय. टायर कोणते, हवा किती, उभं राहून चालवायचं की बसून, आणि मुख्य म्हणजे चौघांनी मिळून अशी वाट कशी पार करायची? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावं.

हाफक्लच

छान विषय काढलात. ताकदीपासून सुरुवात करतो.

चिखलात इंजिन कमी पडत नाही, पकड कमी पडते. मागचं चाक जेवढी पकड देईल तेवढीच ताकद कामाची, उरलेली चाक गरगर फिरवण्यात जाते. चिकण मातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. त्यात पाणी मिसळलं की वरचा थर साबणासारखा होतो आणि खालची माती मात्र बऱ्याचदा घट्टच असते. टायरच्या गुट्ट्यांनी, म्हणजे वर आलेल्या रबरी ठोकळ्यांनी, हा वरचा थर फोडून खालच्या घट्ट मातीला धरलं पाहिजे. गुट्ट्यांमधली फट अरुंद असेल तर ती मातीने भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग 200 सीसी काय आणि 1250 सीसी काय, दोन्ही जागच्या जागी.

म्हणून पैसे आणि डोकं आधी टायरवर खर्च करा. निम्मा रस्ता, निम्मी माती असं सांगून विकले जाणारे टायर खडीवर उत्तम चालतात, चिकण मातीत लवकर हात टेकतात. मोठ्या गुट्ट्यांचे, रुंद फटींचे नॉबी घ्या. पुढचा तर नक्कीच. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं गेलं की सावरायला वेळच मिळत नाही.

चालवताना दुसरा गिअर, एकसारखा थ्रॉटल. पहिल्या गिअरमध्ये मनगट जरा हललं तरी चाक झटका देतं. पुढचं चाक डावं-उजवं डुलत राहील, डुलू द्या. हँडल घट्ट पकडून ते सरळ ठेवायला गेलात की गाडी पडते. पकड हातात नको, गुडघ्यांत हवी. आणि नजर लांब, जिथे बाहेर पडायचंय तिथे. पुढच्या चाकाकडे बघत बसलेला माणूस चाकोरीच्या भिंतीला घासतोच.

ओलीमाती

हाफक्लच, टायरबद्दल शंभर टक्के सहमत. पण वजनाचा मुद्दा तुम्ही सोडून दिलात आणि चिखलात तोच सगळ्यात मोठा आहे.

मी स्वतः हलकी गाडी चालवते, उंचीने बेताची आहे. कोरड्या मातीत जड गाडी स्थिर वाटते, मला मान्य आहे. चिखलात वेग कमी, त्यामुळे चाकांच्या फिरण्यातून मिळणारी स्थिरताही कमी. गाडी कलायला लागली की ती पायावर तोलायची असते, आणि पाय स्वतःच निसरड्यावर. 159 किलोची एक्सपल्स त्या क्षणी सावरता येते. 249 किलोची सावरायला जाऊ नका, सोडून द्या. गाडीखाली पाय अडकून घोटा आणि नडगी मोडते ती बहुतेक अशीच. त्यात कडक पत्र्याच्या पेट्या बाजूला लावलेल्या असतील तर धोका दुप्पट, कारण टेकवलेला पाय मागे ओढला जाऊन पेटीखाली येतो. जीएसवाल्या दादांना सांगा, पेट्या घरी ठेवा, सामान मऊ बॅगांत बांधा. आणि गुडघ्यापर्यंतचे कडक बूट चौघांनीही घाला. ट्रेकिंगचे बूट चालणार नाहीत.

हाफक्लच

ओलीमाती ताई, बुटांचं आणि पेट्यांचं लाखमोलाचं बोललात. जड गाडी चिखलात नेऊच नये, असं मात्र मला वाटत नाही. बीएमडब्ल्यूची आर 80 जी/एस 1980 साली आली आणि 1981 साली युबेर ओरिओलने त्याच घराण्यातल्या गाडीवर पॅरिस-डकार रॅली जिंकली. मोठ्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, इंजिनची गाडी रस्ता सोडून धावू शकते हे तेव्हाच सिद्ध झालं.

ओलीमाती

धावते, वाद नाही. पण ती रॅली मुख्यतः वाळवंटातली, आणि रॅलीतला रायडर वर्षभर तेच करतो. रानवाट यांच्या मित्राने कोरड्या मैदानात गाडी मुद्दाम आडवी करून एकट्याने उचलून बघावी. उचलता आली तर यावं. चिखलात तेच काम कितीतरी अवघड होतं, कारण पाय रोवायला जागाच नसते.

हाफक्लच

ही परीक्षा मला मान्य आहे. उचलायची रीतही लिहून ठेवतो. आधी इंजिन बंद. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, म्हणजे उभी केल्यावर पलीकडे जाणार नाही. गिअर टाकून ठेवा, नाहीतर उतारावर घरंगळते. गाडीकडे पाठ करून सीटला टेका, हँडल पूर्ण वळवून खालची मूठ एका हातात, दुसऱ्या हातात मागचा रॅक, आणि पाठ ताठ ठेवून छोट्या पावलांनी मागे सरका. जोर मांड्यांचा. कमरेत वाकून ओढलंत तर पुढचे आठ दिवस अंथरुणात. दोघं असाल तर एकाने हँडल, एकाने रॅक. गटाने गेल्यावर एकट्याने मर्दुमकी गाजवायचं कारणच काय?

शेपूट

गटाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी कायम गटाच्या मागे असतो, नावावरून कळलंच असेल. माझं ठाम मत आहे की चिखलातली वाट पार होते ती गटाच्या शिस्तीने. गाडी आणि कौशल्य त्यानंतर.

पुढे एक आणि मागे एक असे दोन अनुभवी ठेवा. ज्याची गाडी जड किंवा ज्याला सराव कमी, तो पुढच्याच्या लगेच मागे. त्याला शेवटी टाकायची सवय बऱ्याच गटांना असते, ती वाईट. तो अडकला की कुणाला कळतच नाही, आणि सगळे थांबून विश्रांती घेत असताना हा घामाघूम होऊन पोचतो तोवर बाकीचे निघायच्या तयारीत. त्याला श्वास घ्यायलाही मिळत नाही. पडतो तो दमलेला माणूस.

प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. आरशात दिवा दिसला नाही की थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबेल आणि गट आपोआप एकत्र येईल. जिथे वाट फुटते तिथे मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. यात फोन लागत नाही, इंटरकॉमही लागत नाही. दाट झाडीत तो तसाही फार लांब पोचत नाही.

चाकोरीत किंवा चढावर एका वेळी एकच गाडी. पुढचा पूर्ण बाहेर पडून हात वर करेपर्यंत दुसऱ्याने चाक घालायचं नाही. चढावर पुढचा अडकला आणि मागचा त्याच्या मागोमाग घुसला तर दोघेही जातात, वर थांबायला जागा नाही आणि खाली वळायला नाही. बाकीच्यांनी त्या वेळी गाड्या बाजूला लावून पायी जागेवर उभं राहावं. एक चढाच्या मध्यावर, एक माथ्यावर. गाडी थांबली की लगेच हात लागतो आणि इंजिन, क्लच, माणूस, तिघेही वाचतात.

आणि परत फिरायचा निर्णय. हा अधिकार प्रत्येकाकडे हवा आणि त्यावर चर्चा नको. चौघांतल्या एकाने जरी म्हटलं की आता पुरे, तर गाड्या वळवायच्या. "एवढंसंच राहिलंय" हे वाक्य अंधार पडायला तासभर असताना फार महागात पडतं.

सावकाश

शेपूट यांचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. मला दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे.

वाटेवर मोठं डबकं आलं की बहुतेक रायडर कडेने, गवतावरून गाडी काढतात. पुढचा गट आणखी कडेने, त्याच्या पुढचा त्याहून कडेने. दोन-तीन पावसाळ्यांत एका गाडीची वाट मैदानाएवढी रुंद होते. कडेची रोपं गेली की माती धरून ठेवायला मुळं उरत नाहीत, पाणी नव्या चाकोरीतून वाहायला लागतं आणि उतारावर तिचा ओहळ होतो. अशा वाटा मग बंद केल्या जातात, आणि ते योग्यच असतं.

म्हणून डबक्यातून सरळ मधून जा. हा उपदेश निसर्गासाठी आहे तसाच तुमच्या सोयीचाही आहे. येण्याजाण्याने दबून डबक्याचा तळ बऱ्याचदा घट्ट झालेला असतो, कडेला मात्र ताजा, मऊ चिखल. आधी एकाने बूट घालून चालत जावं, काठीने खोली बघावी. गुडघ्याच्या वर पाणी किंवा पाय रुतत असेल तर गाडी घालू नये.

निळी_नॉबी

सावकाश, थोडी असहमती. ट्रॅक्टरच्या वाटेवर "मधून" म्हणजे काय? दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा अतिशय निसरडा असतो आणि त्यावरून पुढचं चाक हमखास चाकोरीत घसरतं, तेही तिरकं. त्यापेक्षा सुरुवातीलाच एक चाकोरी निवडावी आणि शेवटपर्यंत तिच्यातच राहावं.

सावकाश

बरोबर, मला डबक्याबद्दल म्हणायचं होतं. चाकोऱ्यांच्या बाबतीत तुमचंच खरं. फक्त निवडताना खोली बघा. चाकोरी फूटपेगपर्यंत (पाय ठेवायच्या दांडीपर्यंत) खोल असेल तर पेग आणि गिअर लिव्हर भिंतीत रुततात आणि गाडी लटकते. हिमालयन 450 चा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची उंची, 230 मिलिमीटर आहे, वीतभर धरा, चाकोरीचं माप त्याच्याशी ताडून बघायला हरकत नाही.

निळी_नॉबी

आणि चाकोरीत असताना बाहेर पडायचा मोह टाळा. हँडल वळवून चाक भिंतीवर चढत नाही, आडवं होतं. अगदीच बाहेर यायचं असेल तर भिंत जिथे ढासळलेली आहे तिथे थांबून, उतरून, पुढचं चाक उचलून बाहेर ठेवा.

उभं राहायचं की बसायचं याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. माझं मत : जमेल तेवढं उभं. वजन पेगवर गेलं की गाडी तुमच्याखाली मोकळी हलते आणि पुढचं दिसतं. पण वेग चालण्याइतका झाला आणि तळ घट्ट नसला की बसा, दोन्ही पाय खाली सोडा आणि हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, पायांनी ढकलत न्या. यात कमीपणा काही नाही. मुळं मात्र उभं राहूनच, आणि काटकोनात. ओल्या मुळावर तिरकं चाक गेलं की ते मुळाच्या दिशेनेच घसरत जातं. मुळावर असताना थ्रॉटल आणि ब्रेक दोन्हीला हात लावू नका, आधीच वेग घेऊन नुसतं तरंगत जा.

दहाचा_पाना

यंत्राच्या बाजूने काही गोष्टी.

हवा : रस्त्यावर 32 ते 36 पीएसआय असते तिथे चिखलाच्या सुरुवातीला 22 ते 25 पर्यंत उतरवा. हलक्या गाड्यांत 18-20 पर्यंतही जातात, पण ट्यूब असेल तर दगड लागून ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि दोन भोकांचं पंक्चर होतं. चिखलाखाली दगड असतील तर फार उतरवू नका. जड गाडीच्या बाबतीत रिमची काळजी आधी. बरोबर पंप आणि गेज असल्याशिवाय हवा उतरवूच नका, कारण परत डांबरावर कमी हवेने वेग घेणं धोक्याचं आहे.

मडगार्ड : पुढचा मडगार्ड टायरला चिकटून असेल तर मधली जागा चिखलाने गच्च भरते आणि चाक चक्क फिरायचं थांबतं. शक्य असेल तर उंच मडगार्ड लावा. नसेल तर एक चपटी काठी हाताशी ठेवा आणि दर थोड्या अंतराने चिखल काढत चला.

लिव्हर : क्लच आणि ब्रेक लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट आवळून टाकू नका. चालवताना लिव्हर हलू नये पण जोराने दाबलं तर फिरावी, इतपतच. गाडी पडली तर लिव्हर फिरते, मोडत नाही. तरीही एक क्लच लिव्हर बरोबर हवीच.

एबीएस : मातीच्या उतारावर मागच्या चाकाचं एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करा, ट्रॅक्शन कंट्रोलही (चाक गरगरलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) बंद. नाहीतर चिखलात ऐन चढावर इंजिन ताकद तोडतं. बऱ्याच गाड्यांत किल्ली फिरवून बंद केली की ही सेटिंग परत मूळ पदावर येते. म्हणून पडल्यावर, उचलल्यावर, पुन्हा निघताना डिस्प्लेवर नजर टाका.

आणखी एक. फ्युएल इंजेक्शनची गाडी आडवी झाली की बऱ्याचदा सेन्सर इंजिन बंद करतो. उभी करून नुसतं स्टार्टर दाबत राहिलं तर बॅटरी उतरते. किल्ली बंद करून पुन्हा चालू करा, मग स्टार्ट करा.

ओढ्यात गाडी पडून इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टरला हातसुद्धा लावू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढा, एअर फिल्टर बघा, मग प्लगविना इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा. प्लगचा पाना तुमच्याच गाडीचा हवा आणि तो टाकीखालच्या प्लगपर्यंत पोचतो का हे घरी तपासून घ्या.

ओलीमाती

पाना दादा, एअर फिल्टर आणि प्लग घरी एकदा स्वतः काढून बसवावेत, ही सूचना माझ्याकडून जोडते. जंगलात पहिल्यांदा तो स्क्रू शोधत बसायची वेळ येऊ नये.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो, म्हणून वृत्तांत लिहितो.

जीएसवाल्या मित्राने मैदानात गाडी उचलून दाखवली, मग पेट्या काढून, नॉबी टायर टाकून आला. हिमालयनवाला दुसरा मित्र पुढे, जीएस त्याच्या मागे, मग एक्सपल्स, शेवटी मी. पहिल्या टप्प्यात दुसरा गिअर आणि एकसारखा थ्रॉटल यानेच निभावलं. पुढचं चाक डुलू द्या हे वाचायला सोपं आहे, पण खरोखर हँडल सैल सोडलं की गाडी स्वतःची वाट धरते हे अंगाने कळल्यावर चिखलाची भीती निम्मी झाली.

दुसऱ्या ओढ्यानंतरच्या चाकोरीत जीएस बसली. मागचं चाक एक्सलपर्यंत रुतलं, गाडी स्टँडशिवाय नुसती उभी. मित्राने लगेच थ्रॉटल सोडला, कारण फिरवत राहिलं असतं तर ती आणखी खाली गेली असती. आम्ही चौघे जमलो. आधी गाडी सावकाश डाव्या कुशीवर आडवी केली, तेव्हा मागचं चाक खड्ड्यातून "पच्च" असा आवाज करत सुटलं आणि खड्डा तपकिरी पाण्याने भरायला लागला. मैत्रिणीने वाटेवरचे दगड आणि वाळक्या फांद्या आणून खड्डा भरला, वर चपटे दगड रचले. गाडी पुन्हा उभी केली तर चाक त्या दगडांवर. पुढच्या फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला मऊ पट्टा बांधून दोघांनी ओढलं, एकाने बाजूने रॅकला जोर दिला, मालक गाडीच्या डावीकडे चालत हाफ क्लचवर. मागच्या चाकाच्या रेषेत कुणीही उभं राहिलं नाही. दगड गोळीसारखे उडाले तेव्हा त्याचं कारण सगळ्यांना कळलं. गाडी बाहेर! मग दगड-फांद्या काढून कडेला ठेवल्या आणि चाकोरी होती तशी केली.

मुळांच्या चढावर शेपूट यांच्या सांगण्याप्रमाणे एक मध्यावर, एक माथ्यावर. एक्सपल्स एका दमात वर. जीएसला मध्यावर एक हात लागला. एवढं मोठं धूड त्या मुळांवरून वर येताना बघून मैत्रीणच सगळ्यात जास्त ओरडली.

एक प्रश्न उरलाय. परतताना माझ्या हिमालयनचा रेडिएटर फॅन थांबेचना, आणि चेनमधून कटकट आवाज येत होता. चेन निघताना नीट ताणलेली होती.

शेपूट

वा! रचलेले दगड परत काढलेत हे वाचून विशेष आनंद झाला. मागून येणाऱ्याच्या चाकाखाली ते अचानक आले असते.

दहाचा_पाना

फॅनचं कारण चिखल. रेडिएटरच्या जाळ्यांत माती वाळली की हवा आरपार जात नाही. इंजिन थंड झाल्यावर साध्या पाइपच्या कमी दाबाच्या पाण्याने, जमेल तिथे मागून पुढे धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर नाजूक पत्र्या वाकतात, आणि चाकांच्या बेअरिंगच्या, चेनच्या सीलमध्ये पाणी घुसतं ते वेगळंच. फोर्कच्या चकचकीत नळीवरची माती वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर ऑइल सील कापला जातो.

चेनमध्ये खराबी असेलच असं नाही. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, दातांत चिखल दबून बसला की चेन वर उचलली जाते आणि ताण वाढतो. घट्ट ताणलेली चेन मग गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि मागच्या बेअरिंगवर जोर टाकते. म्हणून चिखलात जाताना मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेतला सैल बाजूचा आकडा धरावा. आता चेन केरोसीन आणि मऊ ब्रशने धुवा, पुसा, वंगण द्या, आणि चाक हाताने पूर्ण फिरवत तीन-चार ठिकाणी ढिलाई मोजा. सगळीकडे सारखी आली तर काळजी नको. कुठे घट्ट, कुठे सैल आली किंवा एखादी कडी वाकायला नको म्हणत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. ब्रेक पॅडही काढून बघा, चिखलाची रेती एका दिवसातही बरेच खाऊन टाकते.

रानवाट

पॅड आत्ताच काढून बघितले. मागचे जवळजवळ संपलेत, पुढचे चांगले आहेत. चेन उद्या सकाळी धुतो आणि ढिलाई मोजून इथेच लिहितो.